आवाज नाही, म्हणजे काम नाही

१४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ श्रीहरिकोट्याहून उडालं, तेव्हा त्याला वर नेणाऱ्या रॉकेटच्या बूस्टरचे काही भाग पवईचे होते. लार्सन अँड टुब्रोच्या इथल्या कारखान्यात ३.२ मीटर व्यासाचे ते अवाढव्य सेगमेंट तयार झाले, दाब भरून तपासले गेले आणि मगच पुढे गेले. २३ ऑगस्टला यान चंद्रावर उतरलं आणि त्यानंतर पवईतला प्रत्येक माणूस, यात विमा एजंट आणि ब्यूटी पार्लरवाल्या बायकाही आल्या, घाटकोपरच्या नातेवाइकांना 'आमच्याकडेच बनलंय ते' असं सांगत होता.

त्याच कारखान्यापासून रिक्षाचं मीटर हलणार नाही एवढ्या अंतरावर, साकीविहार रोडच्या कडेला, एक माणूस उकिडवा बसून लोखंडी अँगल कापत असतो. पायात हवाई चप्पल. अँगल डाव्या पायाच्या अंगठ्याखाली दाबलेला, कारण व्हाइस गाळ्यात आहे आणि पाय सोबत आहे. ग्राइंडरचा गार्ड काढून ठेवलेला. का, तर 'उसमें चकती बदलने को टाइम लगता है'. डोळ्यांच्या संरक्षणाचीही सोय आहे : एक डोळा मिटलेला. ठिणग्यांची दिशा बदलली की डोळाही बदलतो. दोघांवर अन्याय नको.

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेते. हिशेब केला तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला ५७ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. ही चकती रेझिनमध्ये घट्ट केलेल्या खड्यांची असते आणि तिच्या मधल्या धातूच्या कड्यावर चक्क एक्सपायरी डेट छापलेली असते. दमटपणानं रेझिन कमकुवत होतं, मग चकती फुटू शकते. दुधाच्या पिशवीवरची तारीख दुकानातच उलटसुलट करून वाचणारं हे शहर. पण ताशी दोनशेनं नाकासमोर फिरणाऱ्या वस्तूची तारीख वाचताना मी आजवर कुणालाही पाहिलेलं नाही. आणि चकती फुटलीच तर अडवायला जो गार्ड होता, तो गाळ्यातल्या खोबरेल तेलाच्या डब्यावर झाकण म्हणून काम करत असतो.

पण ग्राइंडरची एक गोष्ट मानावीच लागेल. तो काम करतोय हे सगळ्यांना कळतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि त्यांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ अशी मर्यादा आहे. पवईत ती मर्यादा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या एका बसच्या हॉर्नमध्ये संपते, वर मेट्रो ६ चं काम आहे, त्यामुळे ग्राइंडरच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. तरीही तो आपली जागा करून घेतो. सोसायटीत कुठल्याही फ्लॅटचं काम निघालं की पहिल्या मजल्यावरच्या किंकाळीवरून सातव्या मजल्यावरचा माणूस सांगतो, 'आज खिडकीचं ग्रिल चाललंय. काल बाथरूम होतं.' मालक वर बेडरूममध्ये एसी लावून बसलेला असतो आणि खाली कारागीर कापत असतो. आवाज थांबला की दोन मिनिटांत वरून फोन येतो : 'काम बंद का पडलं?' कारागीर माप घेत असतो. माप घेण्याला आवाज नसतो, म्हणून ते काम धरत नाहीत.

अशा या सोसायटीत आमच्या मजल्यावरच्या काकांनी बॅटरीवर चालणारी पोर्टेबल बँडसॉ आणवली.

काका कारखान्याच्या टूलरूममध्ये हयात घालवून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी सॅन होजेला असते. बाकीचे आईवडील मुलांकडून बदाम, परफ्यूम आणि ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र मागवतात. काकांनी करवत मागवली. त्या पोरीनं आईला फोनवर विचारलं, 'बाबा बरे आहेत ना?'

करवत विमानातून आणण्याचं शास्त्र वेगळं आहे. यंत्र चेक-इनच्या बॅगेत, कारण हातातल्या बॅगेत ते नेऊ देत नाहीत. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्याच बॅगेत, कारण त्या चेक-इनमध्ये नेऊ देत नाहीत. पोटात आग लागली तर विमानाला उलटी करून टाकता येत नाही. त्यातही सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-अवर. १८ वोल्ट गुणिले ५ ॲम्पिअर-अवर म्हणजे ९०. हा गुणाकार काकांनी फोनवर तिच्याकडून दोनदा करून घेतला आणि बॅटरीच्या तोंडाला चिकटपट्टी लावायला सांगितलं. सहार विमानतळावर ती उतरली तेव्हा यंत्र एका बॅगेत, बॅटरी दुसऱ्या बॅगेत आणि आईसाठीचे बदाम राहूनच गेलेले.

बॅटरीवर छापलं होतं २० वोल्ट. खालच्या मजल्यावरचा एक जण, जो सगळं इंटरनेटवर बघतो, म्हणाला, 'इथे तर १८ वोल्टची मिळते. अमेरिकेत जास्त पॉवरफुल देतात बघा.' काका खुदकन हसले. आत लिथियमच्या पाच घरांची ओळ असते. प्रत्येक घर काम करताना सरासरी ३.६ वोल्ट देतं, म्हणून पाचांचे १८. नुकतंच चार्जरवरून काढलं की क्षणभर चार-चार भरतात, म्हणून वीस. वस्तू तीच. 'तुझ्या फ्लॅटचं बघ,' काका म्हणाले. 'अठरा म्हणजे कार्पेट आणि वीस म्हणजे सुपर बिल्टअप.' पवईत एवढ्यावर विषय संपतो. त्या माणसाचा चेहरा पडला. त्यानं फ्लॅट २० वोल्टवाला घेतला होता.

खरा गोंधळ चार्जरचा. तिकडचा चार्जर १२० वोल्टवर चालणारा, आपल्या भिंतीत २३०. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन पाच मिनिटांत पिन बदलून देणारा जॉइंट घेऊन आला. 'पिन बसली की झालं, काका.' काकांनी त्याला समोर बसवून चहा पाजला आणि समजावलं, की पिन हा चपलेचा अंगठा झाला, चप्पल कुणाची ते त्यावरून ठरत नाही. मग स्वतः लोहार चाळीत जाऊन स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणला. तो करवतीपेक्षा जड निघाला. म्हणजे कुठेही नेता येणाऱ्या बिनवायरच्या यंत्राच्या दिमतीला, जागचं हलता न येणारं एक वायरवालं यंत्र घरात आलं. काकू अजून त्याच्यावर फुलदाणी ठेवतात.

बॅटरीवरच्या हत्यारांना तसा चंद्राचा वारसा आहे. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर बॅटरीचं ड्रिल चालवलं होतं. तिथे सॉकेट नव्हतं, आणि हेल्परही नव्हता. ड्रिल जमिनीत रुतून बसलं आणि आत घातलेली नळी बाहेर काढताना त्यांचा जीव मेटाकुटीला आला. पृथ्वीवर असते तर वॉचमनला हाक मारली असती.

बँडसॉ मात्र त्याहून बरीच जुनी. एका अखंड पट्टीला दात पाडायचे, तिची टोकं जोडून वर्तुळ करायचं आणि ते दोन चाकांवरून फिरवायचं, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम न्यूबेरी नावाच्या इंग्रजानं पेटंट करून घेतली. कल्पना उत्तम, पण चाकावरून वाकून वाकून पट्टीचा जोड तुटायचा. पुढची जवळपास चाळीस वर्षं तो तुटतच राहिला. मग ॲन पॉलिन क्रेपँ या फ्रेंच बाईंनी टोकं जोडायची पक्की रीत शोधली आणि १८४६ मध्ये पेटंटला अर्ज केला. नंतर तिचा हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीनं विकत घेतला. एका पुरुषाची उत्तम कल्पना आणि ती चाळीस वर्षांनी चालू करणारी बाई, ही गोष्ट काकूंना सांगितल्यावर त्यांना त्यात नवल असं काहीच वाटलं नाही.

काकांच्या हातातल्या यंत्रात तीच रीत छोट्या आकारात आहे. दोन लहान चाकं, त्यांच्यावर रबरी टायर. पातं अर्धा इंच रुंद आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. मागचा कणा लवचिक पोलादाचा, दात वेगळ्या कडक पोलादाचे. पातं चाकांवर जातं तेव्हा आडवं असतं. कापायच्या जागी बेअरिंगचे गाइड त्याला पिळून उभं करतात. सगळं आवरणाखाली झाकलेलं, फक्त कापायच्या तोंडाशी तेवढं उघडं. वेग? सेकंदाला जेमतेम अडीच-तीन मीटर. ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. 'एवढा वेग संध्याकाळी लिंक रोडवर मिळाला तर मी पेढे वाटीन,' सेक्रेटरी म्हणाले.

उद्घाटन पार्किंगमध्ये झालं. गंजलेला सायकल स्टँड कापून काढायचा होता आणि त्याला लागून सेक्रेटरींची नवी गाडी उभी होती. ग्राइंडरच्या ठिणग्या गाडीच्या काचेत रुततात, रंगावर बसून पहिल्या पावसात तांबडे ठिपके काढतात, आणि शेजारी पेट्रोलच्या चार मोटारसायकली असल्या तर ठिपके काढायलाही थांबत नाहीत. बँडसॉ ठिणगी उडवत नाही. लोखंडाचा बारीक कीस खाली पडतो, बस. म्हणून सेक्रेटरींनी परवानगी दिली. खरं तर आग्रहच केला.

पार्किंगमध्ये गर्दी जमली. मुलांना खुर्च्यांवर उभं केलं. कुणीतरी गाडीवर चादर टाकली. एका आजींनी कानात कापूस घातला. काकांनी गॉगल लावला, सदऱ्याच्या बाह्या वर करून पिना लावल्या, गळ्यातली साखळी काढून काकूंकडे दिली. (ती परत मिळाल्याची नोंद नाही.) स्टँड क्लॅम्पनं आवळला. खटका दाबला.

गुर्र झालं. थोड्या वेळानं लोखंडाचा तुकडा टण् करून खाली पडला.

'चालू कधी करणार?' आजींनी विचारलं.

मोठा हिरमोड झाला. मुलं खुर्च्यांवरून उतरली. ज्यांनी मोबाइल काढले होते त्यांनी ते पुन्हा खिशात घातले, कारण त्या व्हिडिओत एक म्हातारा माणूस काही न करता उभा असल्यासारखाच दिसत होता. गर्दीत साकीविहार रोडचा आमचा नेहमीचा ग्रिलवालाही होता. त्यानं कापलेल्या कडेवर अंगठा फिरवला. कड सरळ, गार, जवळपास गुळगुळीत. 'माल तो अच्छा है अंकल,' तो म्हणाला, 'पर इसमें आवाज ही नहीं. पार्टी पैसा कैसे देगी?' आयआयटीत शिकणारा आमच्याच इमारतीतला मुलगा आला होता. १९५८ साली सोव्हिएत मदतीनं सुरू झालेल्या त्या संस्थेत कधी काळी पोरांच्या हाताला कानशीचे घट्टे पडत. ह्यानं विचारलं, 'काका, याला ॲप आहे का?' काकांनी शांतपणे सांगितलं, की काही कंपन्यांच्या हत्यारांना असतं म्हणे, पण बोट गेल्यावर नोटिफिकेशन येऊन उपयोग नाही.

त्या दिवशी पार्किंगमध्ये मला जे दिसलं ते एवढंच. ग्राइंडरपासून लोक लांब उभे राहतात. त्याला अक्कल शिकवावी लागत नाही. तो स्वतःच किंचाळून, ठिणग्या उडवून सगळ्यांना मागे सारतो. बँडसॉजवळ मात्र सगळे वाकून बघायला आले. एकानं तर चालू असताना कापलेला तुकडा झेलायला तळहात धरला. आपली भीती सगळी कानात आहे. जे ओरडत नाही ते चावत नाही, असा आपला ठाम समज. आणि या यंत्राला दर इंचाला चौदा ते चोवीस दात असतात.

म्हणून काकांनी नंतर ग्रिलवाल्याला समोर बसवून शिकवणी घेतली. मी बाजूला होतो.

'पहिलं,' काका म्हणाले, 'पाय बाजूला घे.'

ग्रिलवाल्यानं सवयीनं पाइप पायाखाली घेतला होता. हे समजावून सांगण्यात बराच वेळ गेला. त्याच्या आजोबांनी पाय वापरला, वडिलांनी वापरला, आणि तिघांच्याही पायांची बोटं जवळपास सगळी शाबूत होती. 'जवळपास' या शब्दावर काकांनी त्याला पकडलं. हातकरवतीत पाय चालून जातो, कारण हात थांबला की करवत थांबते. इथे कापणं संपताक्षणी यंत्र स्वतःच्या वजनानं खाली येतं, आणि खाली कोण असतं? म्हणून जॉब व्हाइसमध्ये. कापून पडणारी बाजू मोकळी. दोन्ही बाजूंना टेकू दिला तर मधली खाच मिटते आणि पातं आत चिमटतं. दोन्ही हात यंत्रावर, आणि शेवटच्या क्षणी वजन पेलायला मनगट तयार.

दुसरी गोष्ट त्याला आवडली, कारण तिच्यात गंमत होती. यंत्राच्या पुढे एक लोखंडी आडवी पट्टी असते. ती आधी जॉबला घट्ट टेकवायची, मग खटका दाबायचा, पातं पूर्ण वेगात आलं की अलगद कापायला टेकवायचं. पट्टी आणि जॉब यांच्यात फट ठेवली, तर फिरतं पातं जॉबला धरतं आणि सगळं यंत्र फट बुजेपर्यंत हिसका मारून पुढे खेचतं. काकांनी जुन्या पाइपवर मुद्दाम बोटभर फट ठेवून दाखवलं. धाड्. ग्रिलवाला दोन पावलं मागे सरला. त्या यंत्राबद्दल त्याला आदर वाटला तो त्या क्षणी. अखेर कसला तरी आवाज आला होता.

दाबायचं नाही, ही तिसरी. यंत्राचं वजनच पुरतं. हे मुंबईच्या माणसाला पटणं सगळ्यांत कठीण. लोकलच्या दारात असो की करवतीवर, दाबल्याशिवाय आत जाता येतं यावर त्याचा विश्वास नाही. ग्रिलवाल्यानं दाबलं. पातं तिरकं गेलं, मग चाकावरून उतरलं. काकांनी बॅटरी काढली, पातं बसवलं, बॅटरी लावली, यंत्र हातात दिलं. त्यानं पुन्हा दाबलं. मग काकांनी त्याचे दोन्ही कोपर धरून ठेवले. तेव्हा कुठे पाइप सरळ कापला गेला. ग्रिलवाला त्या कडेकडे बराच वेळ बघत राहिला, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही न करता काही केलं होतं.

त्यात पुन्हा बॅटरी काढून मगच पात्याला हात, हे काकांचं ब्रीद. खटक्याला लॉक असतं, मान्य. पण लॉकवर विसंबून दातांत हात घालणारा माणूस आणि 'लिफ्ट चालू नाहीये ना' म्हणून खड्ड्यात डोकावणारा माणूस, काकांच्या मते एकाच वंशाचे. पातं बदलायलाही ते हातमोजे घालतात. नवं पातं गुंडाळी करून बांधलेलं येतं. तार सोडली की ते वळवळत उघडतं आणि समोर जो असेल त्याला भेटतं. काकू त्या वेळी स्वयंपाकघरात असतात आणि दार लावून घेतात.

मग दातांचा हिशेब. कुठल्याही क्षणी निदान तीनेक दात धातूत असले पाहिजेत. एकच दात पातळ पत्र्याच्या काठावर आला तर काठ त्यालाच उपटून काढतो. सहा मिलिमीटरच्या पट्टीला इंचाला १४ दातांचं पातं चालतं. तीनाहून थोडे जास्तच दात आत राहतात. तीन मिलिमीटरच्या अँगलला २४ चं लागतं. पडद्याचा दांडा म्हणून मिळणारा पातळ स्टीलचा पाइप तर चोवीसलाही नखरे करतो. तिथे हात आणखी हलका. स्टेनलेस स्टीलला वेग कमी, पण हात ढिला नको. नुसतं घासत बसलात तर ते कापायच्या जागीच आणखी कडक होतं. आणि खाच अर्धी पडली असताना पातं बदलावं लागलं, तर नवं पातं जुन्या खाचेत कधीच घालायचं नाही. जुनं झिजलेलं असतं, त्याची खाच अरुंद. नवं त्यात अडकतं. जॉब उलटा करून पलीकडून सुरुवात करायची.

एक प्रश्न काकांनी ग्रिलवाल्याकडून तोंडपाठ करून घेतला : 'पाइप के अंदर क्या है?' मुंबईच्या इमारतींच्या अंगावरून पाण्याची, सांडपाण्याची, एसीची आणि पाइप गॅसची अशा चार नळ्या एकमेकींच्या कानात कुजबुजत वर जातात. बाहेरून रंग मारला की चौघी सारख्या. बिनवायरच्या करवतीनं शिडीवर उभं राहून कुठलीही नळी एका मिनिटात कापता येते, हीच तिची सोय आणि हाच तिचा धोका. ग्राइंडर निदान वायर पुरत नाही म्हणून खालीच राहतो.

आता देखभाल. आपल्याकडे हत्यारांची देखभाल वर्षातून एकदा होते, आश्विन शुद्ध नवमीला. खंडेनवमीला साकीविहार रोडवरचे गाळे बघण्यासारखे असतात. यंत्रं पुसलेली, ड्रिलला झेंडूचा हार, वेल्डिंग मशीनला कुंकवाची बोटं, आणि ज्या ग्राइंडरला वर्षभर कापडसुद्धा लागलं नाही त्याच्यापुढे नारळ. वर्षाचे उरलेले सगळे दिवस देवाच्या भरवशावर. काकांची पद्धत नेमकी उलटी : वर्षभर रोज पुसतात आणि खंडेनवमीला नुसतं लांबून हात जोडतात. कारण हाराचा दोरा चाकात जातो, आणि ओलं कुंकू बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर गेलं तर पूजा वेगळ्याच देवाला पोचते. पहिल्या वर्षी काकूंनी ऐकलं नाही, म्हणून बॅटरीला कुंकू आणि यंत्राला हळद अशी वाटणी होऊन बसली. पुढचा सबंध दिवस काका ब्रशनं हळद काढत होते.

रोजचं काम साधं आहे, पण ते रोज असतं. कापणं झालं की बॅटरी काढायची. चाकांच्या रबरी टायरवर चिकटलेला कीस ब्रशनं झाडायचा. तो तसाच राहिला तर टायर झिजतो, पातं घसरतं आणि मग कंपनीला शिव्या बसतात. गाइडची बेअरिंग बोटानं फिरवून बघायची. पात्याचे दात मोजायला नकोत, पण एखादा गायब आहे का, तडा गेलाय का, हे उजेडात धरून बघायचं. ठेवताना पात्याचा ताण सैल करायचा. आणि तेल घालायचं नाही. हे वाक्य काकांनी कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवलंय, कारण मराठी घरात कुठल्याही कुरकुरणाऱ्या वस्तूवर पहिला उपाय म्हणजे शिलाई मशीनचं तेल, दुसरा खोबरेल. रबरी टायरवर तेल गेलं की पातं जागच्या जागी घसरत राहतं. पात्याला हवंच असलं तर त्यासाठी मेणाची कांडी मिळते.

बॅटरीचं पथ्य तर एखाद्या आजारी जावयाला लाजवेल. गरम असताना चार्जिंगला नको. चाळिसाच्या वर तापमान नको. म्हणजे मे महिन्यातली आमची पश्चिमेची गॅलरी बाद. फार दिवस वापरायची नसेल तर पूर्ण भरून ठेवायची नाही, रिकामीही नाही, अर्धी. खिळे, नट, लोखंडाचा कीस यांच्या डब्यात टाकायची नाही, दोन टोकं जुळली तर डबा पेटतो. आणि कोरड्या जागी ठेवायची. जून ते सप्टेंबर, पवई तलाव आणि विहार तलाव यांच्या मधल्या पट्टीत, कोरडी जागा. माहितीपुस्तिका लिहिणारा माणूस कधी पावसाळ्यात पवईला आलेला नसावा. इथे पापड तळल्यावर ताटात पडेपर्यंत मऊ होतो. काका बुटांच्या, पर्सच्या, औषधांच्या खोक्यांतून सिलिका जेलच्या पुड्या गोळा करतात. आता शेजारीही दारात आणून टाकतात. करवतीच्या पेटीत त्या एवढ्या साठल्यात की करवत ठेवायला जागा कमी पडते.

पाती आणायला काका मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटला जातात. तिथे पात्याची गुंडाळी कापून, टोकं वेल्ड करून हव्या त्या लांबीचं पातं देणारे लोक आहेत. ॲन पॉलिन क्रेपँ बाईंचा शोध तिथे मसाला चहा पिता पिता चालतो. पण लांबी मिलिमीटरात सांगावी लागते. काकांच्या यंत्राला साधारण ११४० मिलिमीटर. 'थोडं इकडेतिकडे चालेल ना?' असं पहिल्या दुकानदारानं विचारल्यावर काका दुकान बदलून आले.

कमिटीत या करवतीवरून एक वादही झाला. दुपारी दोन ते चार कामं बंद, हा सोसायटीचा नियम. काकांनी अडीच वाजता कुणाच्या तरी खिडकीचा गंजलेला गज कापून दिला आणि कुणालाच कळलं नाही. कळलं नाही हीच तक्रार होती. 'आवाज आला असता तर आम्ही थांबवलं असतं,' एक सभासद म्हणाले. 'हा नियमभंग लपवून केलेला आहे.' यावर सभा बराच वेळ चालली. शेवटी सेक्रेटरींनी सूचनाफलकावर लावलं, की दोन ते चारमध्ये आवाज न करता काम करणाऱ्यांनी वॉचमनला तसं मोठ्यानं सांगून जावं.

ग्रिलवाल्यानं पुढे जुन्या बाजारातून स्वतःची एक सेकंडहँड बँडसॉ आणली. गाळ्यात आता व्हाइस आहे, गॉगल आहे, आणि चपलेच्या जागी बंद बूट आहेत. ठिणगी लागत नाही म्हणून गिऱ्हाइकांच्या खिडक्यांच्या काचा खराब होत नाहीत, काम निम्म्या वेळात होतं. परवा आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्याचं काम चालू होतं. मी जिन्यातून खाली येत होतो. सगळे गज कापून, जोडून, तयार करून भिंतीला उभे केलेले. तो मात्र एका हातात ग्राइंडर हवेत धरून उभा, चकती न लावलेला, नुसता फिरवत होता. कान फुटतील एवढा आवाज.

'ये क्या कर रहे हो?' मी ओरडून विचारलं.

त्यानं वर छताकडे, मालकाच्या बेडरूमकडे बोट केलं. 'दस मिनिट और, साहब. फिर बिल देने जाऊंगा.'